सुनेची उत्तरं

गुरुवारही इतर वारांसारखाच उजाडायचा. म्हशीची धार, चूल, बाजरीच्या भाकरी. पहिली भाकरी तव्यावर पडली की साळूबाईचा लेक हनुमंत खुंटीवरचा आसूड काढायचा.

आसूड देवर्षीनं मंतरून दिलेला. बाळ जन्मताच दगावलं आणि सून रुपाली बोलेनाशी झाली. तिला बाहेरचं लागलंय, दर गुरुवारी झोडून काढा, असा त्याचा इलाज. पहिल्या फटक्याला रुपाली ओरडायची. मग फक्त चामडं वाजायचं आणि पोलकं लाल होत जायचं. शेजारी टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. साळूबाई भाकरी उलटायची. एकही कधी करपली नाही.

बाहेरचं काही निघेना. तेवढ्यात कुणा वकिलानं हनुमंताला सांगितलं, बायको वेडी असल्याचा कागद असला तर सोडचिठ्ठी सोपी. भुताला जमलं नाही ते आता कागद करणार होता.

"आये, तू संगं जा," तो म्हणाला. "तिला बोलू दिऊ नको. समदं तूच सांग."

तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशनाला गौहर मॅडम होत्या. रुपाली खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता बसली.

"पाठीला काय झालं?"

"न्हानीत पडली," साळूबाई म्हणाली.

"मावशी, मी काही प्रश्न विचारणार आहे. ही शाळेची परीक्षा नाही, यात पास-नापास नसतं. फक्त उत्तरं तिची हवीत. तुम्ही जरा बाहेर बसता?"

"ती बोलतच न्हाई वो. मला इचारा. तिचं समदं ठावं हाय मला."

मॅडमनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "बरं. झोप लागते?"

"कसली झोप! पाय वाजला की दचकून उठती."

"भूक?"

"घास तोंडात फिरतो नुसता."

"जास्त भीती कधी वाटते?"

"त्यो घरी यायच्या येळंला. कडी वाजली की हातपाय गळत्यात. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या की वळखायचं, आज हाय. मंग आधी कानातलं काढून ठिवायचं, न्हाईतर कान फाटतो."

मॅडमचं पेन थांबलं. रुपालीचे कान धड होते. साळूबाईच्या उजव्या कानाची पाळी मात्र कधीची फाटून दुभंगलेली.

"मावशी, हनुमंत सदरा घालतो?"

"न्हाई, त्यो टीशर्ट..." साळूबाईनं पदर कानावर ओढला. सदरा घालणारा तिचा नवरा मरून जमाना झाला होता.

"तुमची उत्तरं खरी आहेत," मॅडम हळू म्हणाल्या, "पण ती रुपालीची नाहीत. त्यावरून मी तिच्याबद्दल काही ठरवू शकत नाही. आणि एका चाचणीवरून कुणी वेडं ठरत नसतं. तिच्याशी एकटीशी बोलावं लागेल, तिची मर्जी असेल तर. ती सांगेल ते तिला विचारल्याशिवाय कुणाला कळणार नाही. तुम्हालाही नाही."

"मंग कागद?"

"नाही मिळणार. रुपाली, आज घरी गेलंच पाहिजे असं नाही. राहायची सोय होईल."

रुपालीनं सासूकडं पाहिलं आणि सवयीनं उठली.

हनुमंत घराच्या दारातच उभा होता. "कागद कुठंय?"

"दिला न्हाई."

"ही भवानी बोलली व्हय काही?" त्यानं गुरुवारची वाट पाहिली नाही. चूल पेटताच रुपालीला केसांना धरून अंगणात ओढलं आणि आसूड उगारला. चुलीपाशी बसलेली साळूबाई भाकरी तव्यावरच सोडून धावली. फटका तिच्या आडव्या हाताला वेढा घालून बसला, कातडी फाटली.

"आये, सर बाजूला!"

"तुझ्या बानं माझा कान फाडला, तवा माझी सासू भाकरी भाजीत हुती." तिनं आसूड मनगटाला गुंडाळून घट्ट धरला. हनुमंतानं कमरेत लाथ घातली. ती पडली, पण मूठ सुटली नाही. शेवटी त्याच्याच हातून दांडा निसटला. खुरडत जाऊन तिनं आसूड चुलीत कोंबला. "आता मारायचं तर सोताच्या हातानं मार. देवाचं नाव घिऊ नको."

करपलेल्या भाकरीचा आणि जळत्या चामड्याचा वास घरभर झाला. हनुमंत शिव्या देत बाहेर पडला. तशीच ती रुपालीला घेऊन एसटीला उभी राहिली.

दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "हाताला काय झालं?"

"न्हानीत..." साळूबाईनं हात टेबलावर ठेवला. "लेकानं मारलं. तिलाबी त्योच मारतो, अन् मी बघत हुते. लिवा."

मग सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "रुपे, वाटलं तर बोल. मी भाईर हाय."

दार लागलं. बऱ्याच वेळानं आतून रुपालीचा बारीक आवाज आला. शब्द कानावर पडू नयेत म्हणून साळूबाईनं दुखऱ्या हातानं बाकडं दारापासून लांब ओढलं, आणि दाराकडं येणाऱ्या वाटेवर डोळे लावून बसली.