खज़नाच्या चौदा तारा

खज़नाला सदुसष्टावं लागलं होतं. गुडघे कुरकुरायचे, पण जीभ ठणठणीत होती, आणि अम्मानजवळच्या सल्त गावातल्या त्या चढावरच्या गल्लीत तिच्या नादी लागायची कुणाची टाप नव्हती. टाप होती ती एकट्या मुलाची, आणि त्यालाही दहा दिवसांची सुट्टी काढून कुवेतहून यावं लागलं होतं. रविवारी सकाळी न्याहारी चालू असतानाच नायेफनं विषय काढला.

"यम्मा, खालच्या गल्लीत महिन्याभरात दोन घरं फुटली. तू इथं एकटी, मी तिकडे. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

"तुला पाळण्यातसुद्धा झोप लागत नव्हती. म्हणून आता मी घर सोडू?"

"घर सोड म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. अम्मानला माझा फ्लॅट रिकामा पडलाय. सातवा मजला, खाली पहारेकरी, समोरच्या दारात रूला. पोटची मुलगी समोर असताना इथं कशाला झिजायचं?"

"आणि तिथं दिवसभर काय करू? लिफ्ट वरखाली करत बसू?"

नायेफनं ज़ातरचा मसाला लागलेली बोटं पुसली. वाद घालून ही बाई हलणार नाही हे त्याला चाळीस वर्षांत कळून चुकलं होतं, म्हणून त्यानं दुसरी वाट धरली. अट घातली. घराला नवा वायरलेस अलार्म बसवायचा. घराचं एकूण एक दार आणि खिडकी उघडी आहे की बंद, हे त्याला कुवेतमध्ये बसून फोनवर दिसलं पाहिजे. गुरुवारपर्यंत हे जमलं तर तो जन्मात पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर शनिवारी बोचकं बांधून अम्मानला.

"शब्द?" खज़नानं विचारलं.

"शब्द."

तिनं हात पुढे केला, त्यानं तो धरला. शब्दाला पोरगा पक्का होता, हे तीच सगळ्यांना सांगायची. आता तेच तिला नडणार होतं.

सोमवारी कंपनीचा सामेर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत खोकी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं नुसती मान डोलवावी.

"हज्जा, तुम्ही आरामात बसा. दोन तासांत घर किल्ला करून देतो."

"हजला मी अजून गेले नाही. उम् नायेफ म्हण, नायेफची आई. आणि घर आहे ते घरच राहू दे."

दोन तासांचे पाच झाले. इंटरनेटच्या डब्याशेजारी, मधल्या खोलीत, त्यानं नवं यंत्र बसवलं. मग दारांना, खिडक्यांना पांढरे पांढरे सेन्सर चिकटवत फिरला. पण सल्तचं जुनं घर ते. पिवळ्या दगडाच्या दीड दीड हात जाड भिंती. मागच्या खोल्यांतल्या सेन्सरचा आवाज यंत्रापर्यंत पोचेना. मुख्य दार लोखंडी, तिथला सेन्सर एकदा बोलायचा, दोनदा मूग गिळून बसायचा. चौदापैकी सहा धड चालले.

सामेरनं हात टेकले. "घरच असं आहे. भिंती बोलूच देत नाहीत."

"बघ, यम्मा," नायेफ म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण त्याखाली सुटल्याचा निःश्वासही होता, आणि खज़नाला तो बरोब्बर ऐकू आला. तिचं पित्त खवळलं.

"बोलू देत नाहीत काय? तेहतीस वर्षं बोलतायत या भिंती." तिनं पॅसेजमधल्या लोखंडी पेटीचं झाकण उघडलं. आत जुना अलार्म होता, चौदा दिवे असलेला, आणि त्याला जोडलेल्या तारांच्या चौदा जोड्या. "बारा खिडक्या, मागचं दार, पुढचं दार. प्रत्येकाला चुंबक, प्रत्येकाला स्वतंत्र तार. रोज निजताना लावते, पहाटेच्या नमाजाला उठले की बंद करते. या तारा तुझ्या यंत्राला जोड."

सामेर हसला. तसा वाईट नव्हता बिचारा, पण हसला. "अरे वा, हे तर संग्रहालयात द्यायला हवं. कुणी बसवलं? अबू नायेफनी?"

"अबू नायेफनं शिडी धरली होती. तारा मी ओढल्या."

सामेरला कुठून ठाऊक असणार. खज़नानं सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, आणि ती काही हेडफोन लावून 'हॅलो हॅलो' करत नव्हती. तारांच्या खोलीत होती, पुरुषांच्यात एकटी. घरच्या अलार्मच्या तारा तिनं स्वतः दगडांच्या सांध्यांतला चुना कोरून बसवल्या होत्या, आणि कुठली जोडी कुठल्या खिडकीची ते कळावं म्हणून प्रत्येकीला भरतकामाचा वेगळा दोरा बांधला होता. लाल स्वयंपाकघर, हिरवा मुलांची खोली, डाळिंबी पाहुण्यांची बैठक. कागद लिहून ठेवायची तिला कधी गरज पडली नाही.

"जुन्या तारा घेऊन नव्या यंत्राशी बिनतारी बोलणारी पेटी मिळते की नाही, ते सांग," ती म्हणाली.

सामेर चुळबुळला. "मिळते. पण आम्ही ती सुचवत नाही. जुन्या तारांची जबाबदारी कोण घेणार?"

"तुझ्या गळ्यात कोण बांधतंय? तू पेटी आण."

बुधवारी पेटी आली. हाताच्या पंज्याएवढी, एका बाजूला तारांसाठी बारीक स्क्रू, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खज़नानं तिचं नाव दुभाष्या ठेवलं. एका बाजूचं म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पोरांना त्यांच्या भाषेत सांगायचं, एवढंच तिचं काम. तिनं चष्म्यावर चष्मा चढवला, स्टुलावर उशी घेतली, आणि तारा सोलायला बसली. नायेफ दोनदा म्हणाला, सामेरला करू दे. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तार हातात आली की बोटांना जुनी सवय आठवत होती, आणि तिला स्वतःलाच त्याचं हसू आलं.

गुरुवारी दुपारी सामेर चाचणीला आला. नायेफनं पॅसेजमध्ये खुर्ची टाकली आणि फोन हातात धरला. खज़ना एकेक खिडकी उघडत निघाली.

"स्वयंपाकघर," ती आतून ओरडली.

"उघडं," नायेफ म्हणाला. "बंद. बरोबर."

मागच्या खोल्या बोलल्या. बैठक बोलली. ज्या भिंतींनी सोमवारी तोंड उघडलं नव्हतं त्या एकामागून एक हजेरी देत होत्या. सामेरनंसुद्धा भुवया उंचावल्या. तेरा झाल्या. खज़ना ताठ मानेनं पुढच्या दाराशी आली आणि तिनं ते लोखंडी दार सताड उघडलं.

"बोल."

"बंद," नायेफ म्हणाला.

"अरे, उघडलंय."

"मला दिसतंय ना उघडलंय ते. फोन म्हणतो बंद."

तिनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. फोनचं एकच पालुपद. सामेर उठला, दुभाष्याचे स्क्रू बघितले, मान हलवली. "तार भिंतीत कुजली, उम् नायेफ. दगड फोडावा लागेल. आठवडा तरी जाईल."

नायेफनं फोन मांडीवर ठेवला. "तू शर्थ केलीस, यम्मा. खरंच केलीस. पण चौदा म्हणजे चौदा. आणि राहिलंय ते मुख्य दारच."

सातव्या मजल्यावरची ती काचेची खिडकी खज़नाच्या डोळ्यांपुढे आली, आणि रूलाचं 'यम्मा, तू बस, मी करते' हे दिवसातून वीसदा ऐकावं लागेल तेही. रडू येईल की काय अशी भीती तिला वाटली, आणि त्या भीतीचाच तिला संताप आला.

"थांबा," ती म्हणाली. "दार उघडलं की तारांचा जोड तुटतो, त्यावरूनच पेटीला कळतं. तार कुजून तुटली असती तर फोननं दार उघडं म्हटलं असतं. कायमचं उघडं. हा तर बंद म्हणतोय. म्हणजे तार तुटलेली नाही. दाराच्या आधी कुठंतरी दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्यात."

"कुजून चिकटल्या असतील," सामेर म्हणाला.

"दगडात त्या चालत जाऊन चिकटत नाहीत. स्टूल आण."

"तू चढू नकोस," नायेफ म्हणाला.

"मग तू चढणार? तुला स्क्रूड्रायव्हर कुठल्या हातात धरायचा ते तरी ठाऊक आहे का?"

ती चढली. सामेरनं मुकाट्यानं स्टूल धरलं. चौकटीच्या वर लाकडाची लहान पट्टी होती, तिच्यामागे तारांचा जोड. पट्टी निघाली, धूळ पडली, आणि खज़ना बघतच राहिली. तारांच्या जोडीतल्या दोघी एकमेकींभोवती पिळल्या होत्या, आणि पिळावर चिकटपट्टी होती. तारांची काळी नव्हे. दवाखान्यातली पांढरी, सलाईनची सुई हातावर बसवायला वापरतात ती.

"हे कुणाचं काम?" ती म्हणाली. "तारांच्या खोलीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं."

तिनं खाली पाहिलं. नायेफ खुर्चीवरून उठला होता आणि त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होता.

"मी," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा."

मग त्यानं सांगितलं. मयताचे तीन दिवस दार उघडंच ठेवायचं असतं, येणाऱ्यानं ते वाजवायचं नसतं. पहिल्याच दिवशी बायकांनी पॅसेजमध्ये कोटांचा ढीग रचला, ढीग पेटीच्या बटणावर कलंडला, अलार्म लागला आणि उघड्या दारामुळे कुराण चालू असताना भोंगा किंचाळला. मोठे काका चिडले. बंद कुठून करायचं ते एकट्या खज़नाला माहीत होतं, आणि ती आत बायकांत बसली होती. तिला उठवायचं कसं? म्हणून तो चढला, हाताला लागल्या त्या तारा पिळल्या आणि बाबांच्या उशाशी पडलेली पट्टी लावली. भोंगा थांबला. तीन दिवस संपले, की सोडवायचं असं त्यानं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी त्याचं विमान होतं.

"नऊ वर्षं," खज़ना म्हणाली.

"यम्मा..."

"नऊ वर्षं मी रोज निजताना या दाराचा हिरवा दिवा बघते आणि दार राखलेलं आहे असं समजते. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल न टाकता एकटी निजले. तुझ्या बाबांची बाजू रिकामी, आणि या दारावर कुणी नाही." तिचा आवाज चढला नाही, तो जड झाला. "कुणी ढकलून आत आलं असतं तर या पेटीनं चकार शब्द काढला नसता. तरी राहिले ना? जिवंत आहे ना? आणि तू मला सांगतोस की मला एकटीला जमणार नाही?"

नायेफचे डोळे भरले होते. तिला त्याची दया आली, नाही असं नाही. पोरगं तेव्हा बाप गेल्यानं भांबावलं होतं, हे तिला कळत होतं. पण घर सोडायला लावण्याइतकी ती दया मोठी नव्हती.

तिनं पट्टी सोलली. पीळ उलटा फिरवून तारा सोडवल्या, टोकं खरवडली, नीट जोडली आणि काळी पट्टी गुंडाळली. मग उतरून दार उघडलं.

"बोल."

नायेफनं फोन बघितला. "मुख्य दार उघडं," तो कसंबसं म्हणाला.

"चौदा," सामेर म्हणाला, आणि आपली खोकी गोळा करायला लागला. जाताना तो थबकला. "उम् नायेफ, आमच्याकडे अशी आणखी घरं येतात. दगडाची. लोकांना आम्ही नाही म्हणून सांगतो. तुम्ही याल का बघायला?"

"आधी हसणं सोड, मग विचार." पण दारापर्यंत ती त्याला पोचवायला गेली.

तो गेल्यावर तिनं नायेफच्या हातातून फोन घेतला. "शब्द पाळलास तर माझा नायेफ. आता माझी अट. हे चित्र माझ्या फोनवर राहील. तुझ्याकडे फक्त भोंगा वाजल्याची खबर येईल. मी कधी दार उघडते, कुणासाठी उघडते, ते तुला जाणून घ्यायचं असेल तर फोन करून मला विचार. आणि आता बाहेर जा."

"कुठं?"

"दाराबाहेर. शेवटची चाचणी."

तो निमूट बाहेर गेला. तिनं दार लावलं, कडी घातली. फोन म्हणाला बंद. बाहेरून थाप पडली.

"कोण?"

"मी, यम्मा. नायेफ."

"काय काम आहे?"

"आत यायचंय."

"राहायला आलायस, की मला न्यायला?"

खज़ना कडीवर हात ठेवून उभी राहिली. गुडघे दुखत होते, तरी ती हलली नाही.

"राहायला," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत. तू ठेवलंस तर."

तिनं कडी काढली.