भिंतीवरचं बटण

"ही पण कोरी," खटपटे म्हणाले आणि डिस्क माझ्यासमोर काउंटरवर सरकवली. "बाई, खोका तोच आणलात ना? की भावाने नुसत्या कोऱ्या डिस्क परत पाठवल्यात?"

"आईचं अक्षर आहे त्यावर. बघा की नीट. 'राजाला' लिहिलंय."

"अक्षर आहे हो. आवाज नाही."

खटपटेंचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या ऑफिसमागच्या बोळात त्यांचं दुकान. रेडिओ, मिक्सर, टेपरेकॉर्डर, काहीही न्या, माणूस "होईल" म्हणणार नाही आणि "होणार नाही" असंही म्हणणार नाही. नुसता "बघू" म्हणणार आणि स्क्रू काढायला लागणार. मी त्यांच्यासमोर आईचा मिनीडिस्क रेकॉर्डर ठेवला होता. साबणाच्या डबीएवढं यंत्र. त्यात चौकोनी प्लास्टिकच्या कवचातली चपटी डिस्क बसते. बाजूला खोका, आणि खोक्यात आईने दादाला, म्हणजे तिच्या राजाला, पाठवलेल्या सगळ्या डिस्क. प्रत्येक डिस्क घातली की यंत्राच्या पडद्यावर एकच उत्तर यायचं. ब्लँक डिस्क.

दादा परदेशी स्थायिक झाला आणि एका सुट्टीत येताना अशी दोन यंत्रं घेऊन आला. एक त्याचं, एक आईचं. "आई, लिहायला तुझे डोळे साथ देत नाहीत. तू बोल, मी ऐकेन." आई तर हरखूनच गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी आमच्याकडे तो सोहळा सुरू झाला. आईची बोटं वाकडी झाली होती, म्हणून डिस्क मी घालायची, रेकॉर्डिंगचं लाल टिंब मी लावून द्यायचं आणि मग हुकूम व्हायचा, "आता बाहेर जा आणि दार ओढून घे." मी बाहेर इस्त्री करायची. आतून नुसती पुटपुट ऐकू यायची. तासभर तरी चालायची. माझ्याशी दिवसभरात "चहा कोमट आहे" आणि "दूध आलं का" यापलीकडे न बोलणारी बाई तिकडे तासभर काय बोलत असेल, या विचाराने माझे कितीतरी ब्लाउज जळाले. पण डिस्क ऐकून बघायची सोय नव्हती. दुसऱ्याचं पत्र फोडत नाहीत, असं आईनेच शिकवलं होतं. पाकिटात घालून पोस्टात टाकायचं काम तेवढं माझं.

आता आई जाऊन वर्ष होत आलं होतं. दादाने खोका परत पाठवला. सोबत फोन. "अगं, आम्ही इथे थोड्या लोकांना बोलावतोय, आईच्या आठवणींचा छोटासा कार्यक्रम. तिचा आवाज ऐकवावा म्हणतो. माझं यंत्र केव्हाच बिघडलं. तू हे कॉम्प्युटरवर उतरवून पाठव ना. तुला आता वेळच वेळ आहे."

वेळच वेळ! जन्मभर मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसले. नळ कोरडा, पाणी गढूळ, पाइप फुटला, साहेब कुठे मेले, हे सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी घरी येऊन आईचं केलं. निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. वेळ असणारच की.

पण मी नाही म्हटलं नाही, कारण मला स्वतःलाच त्या डिस्क ऐकायच्या होत्या. लपवून काय करू? आईने माझ्याबद्दल एकदा तरी, एका वाक्याने तरी बरं म्हटलंय का, एवढंच मला ऐकायचं होतं. हसा खुशाल. केस पांढरे झालेली बाई आईच्या शाबासकीसाठी दुकानाच्या स्टुलावर बसून राहिली होती.

खटपटेंनी यंत्राची काच पुसली. मग दादाने कधीतरी पाठवलेली गाण्यांची डिस्क घातली. ती लख्ख वाजली.

"यंत्र ठणठणीत आहे," ते म्हणाले. "बॅटरी फुगलीय, ती सोडा. आई हे कसं चालवायच्या? बॅटरीवर की वायर लावून?"

"वायर लावून. बॅटरी पहिल्याच वर्षी गेली."

"आणि बोलून झालं की बंद कसं करायच्या?"

"भिंतीवरच्या बटणाने. आमच्याकडे सगळं तसंच बंद होतं."

खरंच होतं. भिंतीवरचं बटण हा आईचा एकमेव धर्म. इस्त्री, पंखा, रेडिओ, काहीही असो, काम संपलं की पहिला हात भिंतीकडे. चालू बटण म्हणजे जळतं घर. दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, मला वाटलं आता काहीतरी बोलेल. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गिझरचं बटण?"

खटपटेंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग बरोबर आहे! बोलणं डिस्कवर उतरत जातं. पण कुठून कुठवर उतरलं, त्याची अनुक्रमणिका हे यंत्र सगळ्यात शेवटी लिहितं. थांबवायचं बटण दाबलं की पडदा थोडा वेळ लुकलुकतो ना, तेव्हा. त्याआधीच भिंतीवरून वीज तोडली, तर अनुक्रमणिका कोरी. आणि यंत्र अनुक्रमणिका वाचतं, पुस्तक नाही."

"म्हणजे आवाज आहे?"

"असणार. जाईल कुठे? नुसता पत्ता हरवलाय."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते झाकणाच्या कडेचा एक बारीक खटका दाखवत होते. झाकण उघडलं की तोच यंत्राला चुगली करतो म्हणे. तो चिकटपट्टीने दाबून ठेवायचा. आधी पूर्ण भरलेली चांगली डिस्क घालायची, यंत्राला तिची अनुक्रमणिका पाठ होऊ द्यायची, मग त्याच्या नकळत डिस्क बदलायची आणि तीच अनुक्रमणिका आईच्या डिस्कवर लिहायला लावायची.

"फसवाफसवी आहे," ते म्हणाले, "पण भल्यासाठी."

पहिला घोट घेतला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिस्क इथून निघतानाच कोऱ्या होत्या. पहिली कोरी, दुसरी कोरी, शेवटचीही कोरी. मग दादाने काय ऐकलं?

दर रविवारी त्याचा फोन यायचा. "आई, ऐकलं गं. सगळं ऐकलं. फार छान वाटलं." आई फोन खाली ठेवून दिवसभर नव्या नवरीसारखी घरात फिरायची. एकदा जरी त्याने डिस्क यंत्रात घातली असती, तरी त्याला कळलं असतं. एकदा जरी विचारलं असतं, आई, अगं, यात काहीच नाही!

"खटपटे," मी म्हटलं, "त्याने एकही ऐकली नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "ते तुमच्या घरचं. मी यंत्र उघडतो."

संध्याकाळी मी दादाला फोन केला. गरीब गायीसारखा आवाज काढून विचारलं, "तू शेवटच्या कधी ऐकल्या होत्यास रे?"

"अगं, कितीदा ऐकल्या! गाडीत लावायचो. एका ठिकाणी ती हसते बघ, ते नक्की घे."

"घेते हं," मी म्हटलं.

खटपटेंनी बरेच दिवस घेतले, पण डिस्क जिवंत करून दिल्या. वायरही दिली. तिचं एक टोक रेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं लॅपटॉपच्या माइकच्या. "आणि बाई, घाई करू नका. यातून भराभर काही निघत नाही. जेवढा वेळ त्या बोलल्या, तेवढाच वेळ तुम्हाला बसावं लागणार."

पहिल्या दिवशी नुसती घरघर ऐकू आली. खटपटेंना फोन केला. "लॅपटॉपचा चार्जर काढा." काढला. घरघर गेली आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा आईचा आवाज आला. "राजा, ऐकतोयस ना रे?"

मी चटकन म्हणाले, "हो." मग माझंच मला हसू आलं.

दुपारमागून दुपार मी लॅपटॉपला हेडफोन लावून बसले. काय ऐकलं म्हणता? माझ्या तक्रारी. ही उशिरा येते. हिचा हात जड आहे, केस विंचरते की उपटते कळत नाही. ही बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेतात. माझं नाव कुठेच नाही, नुसतं "ही". जन्मभर परक्यांच्या तक्रारी ऐकल्या, आता घरची आली. मी दात आवळून लॅपटॉपवरची हिरवी रेघ खालीवर होताना बघत होते. ती लाल व्हायला लागली की आवाज कमी करायचा, एवढंच माझं काम होतं. आई रागावली की ती लाल व्हायची.

मग एका डिस्कवर आवाज इतका बारीक आला की मला तो वाढवावा लागला. आई कुजबुजत होती.

"राजा, नीट ऐक. हिला वरची जागा मिळत होती, दुसऱ्या शहरात, मुख्य कचेरीत. हिने नको म्हणून लिहून दिलं. मला सांगितलंसुद्धा नाही. हिच्या साहेबाची बायको भेटली, तिने सांगितलं. माझ्यामुळे रे. पोरगी गुणाची आहे. तोंडाने फटकळ आहे, ती माझ्यावर गेलीय. मी तिला तोंडावर म्हणत नाही, डोक्यावर बसेल. पण तिच्यासारखं माझं कुणी करणार नाही, तूसुद्धा नाही, राग मानू नकोस. तू मला वर्षभर तिकडे ने. थंडी सोसेन मी. कोपऱ्यात पडून राहीन, सूनबाईला त्रास देणार नाही. ती जागा अजून भरलेली नाही म्हणे. हिचा पाय एकदा घराबाहेर पडू दे. फोनवर काही बोलू नकोस, ही फोनपाशी घारीसारखी उभी असते. रविवारी नुसतं 'हो' म्हण. मी समजेन."

मग खट्. भिंतीवरचं बटण.

मला तो रविवार आठवला. सगळा आठवला. आईने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "ऐकलंस ना? बरं. आणि काय म्हणतोस? आणि?" किती वेळ ती तेच विचारत होती. "आणि काही?" मी म्हटलं होतं, "ठेव आता, त्याला कामं असतात." तिने फोन ठेवला आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मी दोनदा ताट गरम केलं.

पुढची डिस्क घातली. थोडा वेळ नुसता श्वास.

"तू म्हणालास ऐकलं. हो म्हणाला नाहीस. असतील तुझ्याही अडचणी. पुन्हा नाही विचारणार." मग नेहमीचा आवाज. "आज पुन्हा हिने चहा कोमट दिला."

मी हेडफोन काढून टेबलावर आपटले. रडू आलं, पण त्याआधी संताप आला. दादाचा आला. मग आईचा आला. अगं, मी पलीकडच्या खोलीत होते! मधे एक दार होतं आणि तेही नुसतं लोटलेलं. माझ्याशी बोलायला काय यंत्र लागत होतं? गुणाची आहे म्हणे. समुद्रापलीकडे सांगितलंस, आणि तेही बटण बंद करून!

उरलेल्या सगळ्या डिस्क मी ऐकल्या. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि ती हसते असं एकही ठिकाण नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते.

"झालं का गं? लोक यायचेत. दोनेक मिनिटांचं काहीतरी चांगलं असलं तरी पुरे."

"दादा," मी हात पुसत म्हटलं, "सगळ्या डिस्क कोऱ्या निघाल्या रे."

"अशा कशा? प्रवासात खराब झाल्या असतील."

"नाही. इथून निघाल्या तेव्हाच कोऱ्या होत्या. आई वीज आधी बंद करायची, त्यामुळे यंत्राचं लिहिणं पुरं व्हायचंच नाही. दुकानदाराने दाखवलं मला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही वाजली नसती."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता.

"तू गाडीत लावायचास ना?" मी विचारलं.

"अगं, ते... कामाच्या गडबडीत... एखादी..." मग त्याने घसा खाकरला. "तुझी वहिनी हाक मारतेय. करतो नंतर."

केला नाही. मी त्याला खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आईचा आवाज आता लॅपटॉपमध्ये आहे का, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जे त्याला आयतं घरपोच मिळत होतं, ते आता मी का वाढून देऊ?

कपाटात न वापरलेली एक डिस्क उरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत गेले. घरात कुणी नव्हतं, तरी दार ओढून घेतलं. वायर लावली, डिस्क घातली, लाल टिंब लागलं. काय बोलायचं ते खूप ठरवलं होतं. भांडायचं होतं तिच्याशी.

"आई," मी म्हटलं. "ऐकलं. सगळं ऐकलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती पण डिस्कवर गेली असेल.

"हो," मी म्हटलं.

थांबवायचं बटण दाबलं. पडदा लुकलुकायला लागला. यंत्राने लिहायला घेतलं होतं. माझा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि बटणावर तसाच थांबला. लुकलुक संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.