खांद्यावरचं लुगडं

घरापुढच्या आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माटवाच्या सावलीत बायका, कुंपणाच्या दगडी गडग्यावर पोरं आणि मधोमध पाटावर माझी मुलगी, माझं चेडू, अस्मिता. सत्यवानबुवा हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालत होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाचा बळ कोण खाता, ता आज उघड कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं ओरडलं.

गाऱ्हाणं सुरू झालं की आमच्याकडे हे शब्द आपोआप तोंडातून येतात. काय मागितलं ते मागाहून कळतं. बुवाला हे पक्कं ठाऊक होतं.

अस्मिता शाळेत शिकवते. गेल्या वर्षी माझी बायको मथुरा गेली. पाठोपाठ अस्मिताला ताप आला. ताप उतरला, थकवा राहिला. केस विंचरले तरी दिवसभर पडून राहावं लागे. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. "दमण्याआधी थांबायचं. जबरदस्तीने चालवू नका, आजार वाढेल," असं बजावलं. पण लगेच बरं करणारं औषध काही मिळालं नाही. म्हणून माझी बहीण सीता फोंडाघाटाहून बुवाला घेऊन आली. मी नको म्हणालो. अस्मिताच म्हणाली, "येऊ दे, बाबा."

बुवाने मथुराचं लुगडं मागितलं. त्याचं गाठोडं करून अस्मिताच्या खांद्यावर ठेवलं.

"हात आडवो धर गो. सगळी ताकद लाव."

त्याने हात दाबला. हात खाली गेला. मग गाठोडं काढलं आणि पुन्हा दाबला. हात तसाच राहिला. दाबताना बुवाच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या.

"बघलात? मेलेली आवस ओढता तिका!" बुवा गरजला. "ह्या चेडू रडता, म्हणान आवशीक गती नाय. आता ह्या गाठोडा हिनाच डोक्यार घेवन, अनवाणी, खाडीत सोडूक होया. वाटेत बसाचा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

खाडी लांब, उताराखाली. ऊन टळटळीत. मागे अस्मिता शाळेसाठी बसथांब्यापर्यंत चालत गेली होती, तर पुढे पंधरा दिवस मी तिला घास भरवले होते.

मी पुढे झालो. "ती जावची नाय."

"दादा, वयनीक मोकळी करूक नको तुका?" सीता रडत म्हणाली.

मी गाठोड्याकडे बघत राहिलो.

पाटाला हात टेकून अस्मिता उठली. लोकांना वाटलं, निघाली.

"बुवा, पहिल्यांदा तुम्ही माझं मनगट दाबलंत," ती हळू म्हणाली. "दुसऱ्यांदा कोपराच्या वर. माझं अंग इतकं दुखतं की तुमची बोटं कुठे लागली ते अजून कळतंय. दार कडीपाशी ढकललं तर लहान पोरही उघडतं. बिजागरीपाशी ढकलायला जोर लागतो. खांदा म्हणजे बिजागरी."

"खोटा! देवाची परीक्षा घेतंस?"

"तुमची घेते. हात आडवा धरा."

बुवा मागे सरकला, पण सुकी मासळी विकणारी काशीबाई पदर खोचून त्याची वाट अडवून उभी होती.

"धरा हो म्हाराजानु. मी म्हातारी काय करतलंय तुमका?"

लोक हसले. बुवाला हात धरावाच लागला. काशीबाईने मनगट दाबलं. हात खाली गेला.

"तुमच्या खांद्यार तर गाठोडा नाय," काशीबाई म्हणाली. "मगे तुमका कोण ओढता?"

गडग्यावरून हळूच आवाज आला, "व्हय म्हाराजा."

खळ्यात हशा पिकला. बुवा नारळ टाकून चालता झाला.

अस्मिता पाटावर कोसळल्यासारखी बसली. मी जवळ गेलो.

"बाबा, आई खरंच माझ्यामुळे अडकली नाही ना?"

हा घोर ती किती दिवस एकटी वाहत होती, ते मला तेव्हा कळलं.

"नाय गो. तुझी आवस आजारान गेली. तू रडतंस, कारण ती आपल्याक होयी होती. मी पण रडतंय."

अस्मिता अजून बरी झालेली नाही. लुगडं तिच्या उशाशी असतं. उद्या उठता येईल का, नोकरी टिकेल का, ही काळजी आहेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजी येणारच, ती बोलून दाखवावी, आज जमेल तेवढं करावं आणि उरलेलं उद्यावर ठेवावं. बुवाने त्याच काळजीचं भूत केलं होतं.

तुमच्या घरी असं कोणी थकलेलं असेल तर त्याला ओढून चालवू नका. शेजारी बसा. आणि कोणी गाऱ्हाणं घालू लागला, तर तो काय मागतोय ते आधी नीट ऐका. ‘व्हय’ त्यानंतर म्हणा.