माझ्या टोकाला गाठ नव्हती

मी एक जुना दोर आहे. एके काळी निळा होतो. आता माझ्या रंगाला काय म्हणावं ते मलाही ठरवता येत नाही. उंच इमारतींवर काम करणाऱ्या माणसांना दोरावरून उतरायला शिकवणारी एक शाळा आहे. तिच्या सामानखोलीत, दारामागच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. माझ्यावरून आता कुणी उतरत नाही, तरी मला फेकूनही देत नाहीत. का देत नाहीत, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, दोर म्हटलं की तुम्हाला वाळत घातलेले कपडे आठवत असतील. माझी जात जरा वेगळी. आत पांढऱ्या तंतूंचा गाभा आणि वरून घट्ट विणलेली साल. ज्या यंत्रानं मला विणलं, त्याच यंत्रावर त्याच दिवशी माझा भाऊ विणला गेला. तो नारिंगी. आम्हा दोघांना मोजून, टोकं वितळवून, गळ्यात एकेक पट्टी अडकवली. पट्टीवर लिहिलं होतं : लांबी सत्तावीस मीटर. आम्ही जुळे, आणि आमची कामंही जोडीनंच करायची असतात.

उतरणारा माणूस आपलं सगळं वजन नारिंगीवर टाकतो. कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या ब्रेकमधून तो नारिंगी सोडत सोडत खाली येतो. मी शेजारी सैल लोंबत असतो. माझ्यावरून एक चिमटा त्या माणसाबरोबर घसरत येतो, बस्स. पण नारिंगी तुटला किंवा सुटला, तर तो चिमटा मला कचकन चावतो आणि माणूस हवेतच थांबतो. म्हणजे मी दुसरा दोर. घरातल्या कार्याला आलेल्या थोरल्या काकांसारखा. काम काही नाही, पण नसलो तर चालायचं नाही. सहा वर्षांत मला एकदाही कुणाला धरावं लागलं नाही. त्याचा मला अभिमानच होता.

शाळेच्या आवारात शिकवण्यासाठी मुद्दाम बांधलेला एक मनोरा आहे. नुसत्या भिंती, खिडक्या आणि वर गच्ची. तिथे मास्तर शिकवायचा. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस नको ते पाऊल टाकता टाकता थांबायचा. अकरा वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याचा एक नियम होता. कुणीतरी एकानं खाली उभं राहायचं, आमची दोन्ही टोकं हातात धरायची आणि वर बघून ओरडायचं, "टेकला!" दोर जमिनीला टेकला, असा त्याचा अर्थ. तो शब्द खालून आल्याशिवाय वरच्यानं पाऊल उचलायचं नाही.

आणि आमच्या टोकांना मुठीएवढ्या गाठी असायच्या. समजा दोर कमी पडलाच, तर ब्रेक गाठीशी येऊन अडकावा म्हणून.

मग हे सगळं कुठं गेलं? मित्रांनो, ते एका दिवसात गेलं नाही. मनोऱ्याच्या पुढच्या बाजूला खाली, खडीच्या कडेला, एक फरशी फुटलेली आहे. आम्हाला वर ओढलं की गाठ नेमकी त्या भेगेत अडकायची. दिवसातून दहा वेळा कुणीतरी पळत खाली जायचं, गाठ सोडवायचं, धापा टाकत वर यायचं.

"या गाठीनं जीव खाल्ला!" मास्तर एकदा वैतागून म्हणाला, आणि त्यानं आमच्या गाठी सोडल्या.

पुढची बाजू सतरा मीटर उंच. वर बांधायला दोन मीटर जायचे. उरलेले आठ मीटर आम्ही खडीवर वेटोळं करून पडलेले. ते वेटोळं गच्चीवरूनही दिसायचं. मग खालून ओरडणं म्हणजे थट्टाच वाटायला लागली. मास्तर स्वतःच विचारायचा, "टेकला का?" आणि स्वतःच म्हणायचा, "टेकलाय, टेकलाय. कधी नाही टेकला?" सगळे हसायचे. मीही हसलो असेन.

सामानखोली मावशींच्या ताब्यात होती. त्या सगळ्यांच्याच मावशी. महिन्यातून एकदा त्या आम्हाला मांडीवर घेऊन बसायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढायच्या. कुठं साल चिरली आहे का, कुठं आतला गाभा मऊ पडला आहे का, ते त्यांच्या बोटांना कळायचं. मग त्या वहीत लिहायच्या : "निळा, ठीक. नारिंगी, ठीक." या कामाला एवढा वेळ लागायचा, की शेजारी ठेवलेल्या चहावर साय यायची. त्या तो तसाच गार प्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्यापायी मला गरम चहा कसा असतो तेच माहीत नाही."

सहाव्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मावशी महिनाभर रजेवर गेल्या. त्याच महिन्यात मास्तरला नारिंगीच्या शेपटाकडची साल फुटलेली दिसली. खडीत लोळून, बुटांखाली येऊन ती झिजली होती. मास्तरनं सुरी तापवली आणि खराब झालेले सात मीटर कापून टाकले. ते बरोबरच केलं. फुटका दोर ठेवायचा नसतोच.

मग त्यानं मला हातात घेतलं. माझं टोक ठणठणीत होतं. त्यानं मला नारिंगीशेजारी धरून बघितलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "जोडी विजोड दिसते." शिकणाऱ्यांना दोन्ही टोकं एकसारखी दिसली की बरं, नाहीतर गोंधळ होतो, असं काहीसं पुटपुटत त्यानं माझेही सात मीटर कापले. आम्ही पुन्हा जुळे झालो. गळ्यातल्या पट्टीवर मात्र सत्तावीसच राहिले. "मावशी आल्या की सांगतो," असं तो म्हणाला खरा. पण मावशी आल्या त्या नातीची कौतुकं घेऊन, आणि ते सांगायचं राहून गेलं.

मावशींनी त्या आठवड्यात आम्हाला बोटांतून ओढलं. ठीक, ठीक. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा चहातून अजून वाफ येत होती. त्या खुशीत म्हणाल्या, "अगंबाई, आज लवकर आटोपलं की!" मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर!

त्याच सुमारास रंगारी शिकायला आला. पंधरा वर्षं त्यानं इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या होत्या. दोन दोऱ्यांना टांगलेल्या फळीवर बसून, ना पट्टा ना हेल्मेट. त्याच्या बायकोनं हट्ट धरला, की हे असं पुरे झालं, रीतसर शिका. तो सगळ्यांना हसत सांगायचा, "घरात साहेब ती आहे. तिनं धाडलंय, शिकल्याशिवाय जेवायला मिळायचं नाही." त्याचे हात मात्र बघण्यासारखे होते. एकदा धरलेलं सोडायचे नाहीत. मास्तर इतरांना सांगायचा, "हात बघा रंगाऱ्याचे. असे पाहिजेत."

परीक्षा मनोऱ्याच्या मागच्या बाजूला असते. ती बाजू रोज वापरात नसते. तिथे मालाच्या गाड्या तळघरात जाण्यासाठी उतार खणलेला आहे. त्यामुळे उंची बावीस मीटर होते. तळाशी छज्जा आहे. त्याच्या पलीकडे आमचं टोक कुठं जातं ते वरून दिसत नाही. सत्तावीस असतो तर तीन मीटर उरलो असतो. वीस होतो. बांधण्यात दोन गेले. मी आणि नारिंगी, दोघेही जमिनीच्या चार मीटर वर लोंबत होतो. एकाच उंचीवर, अगदी जोडीनं.

खाली कुणीच नव्हतं. मास्तरनं गच्चीवरून वाकून विचारलं, "टेकला का?" आणि सवयीनं स्वतःच म्हणाला, "टेकलाय."

रंगारी सुंदर उतरला. घाई नाही, झटका नाही. भिंतीवर पाय असे ठेवत होता, की जणू ओला रंग पुसू नये. छज्जा ओलांडून तो मोकळ्या हवेत आला. मग नारिंगीचं टोक ब्रेकमधून सुळकन निघून गेलं. त्या क्षणी मला सहा वर्षांत पहिल्यांदा हाक आली. चिमटा मला चावायला वळला, आणि त्याच्या तोंडात मी नव्हतोच. मी संपलो होतो.

पुढचा आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

तो टाचांवर पडला, मग मागे. मास्तर पायऱ्या कशा उतरला देव जाणे. "हलवू नका! कुणी हलवू नका त्याला!" तो ओरडत होता. रंगाऱ्यानं डोळे उघडे ठेवले होते. तो वर, माझ्या टोकाकडे बघत होता. "हात सुटला नाही माझा," तो म्हणाला. "मास्तर, हात सुटला नाही."

दोन्ही टाचांचा चुरा झाला. कमरेचा एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण चढणं विसरा. हे मला खुंटीवर कळलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून.

दुसऱ्या दिवशी शाळेचे मोठे साहेब सामानखोलीत अपघाताचा कागद घेऊन आले. त्यांनी बराचसा भरून आणला होता. 'कारण' या शब्दापुढे लिहिलं होतं : शिकणाऱ्याचा हात सुटला. तेवढ्यात रंगाऱ्याची बायको त्याची पिशवी न्यायला आली. रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसलेली. ती साहेबांशी बोललीच नाही. तिनं मावशींचा हात धरला.

"मावशी, ते शुद्धीवर आले की एकच सांगतात. हात सुटला नाही म्हणून सांग. मीच धाडलं हो त्यांना इथं. मला कळू तरी द्या, काय सुटलं?"

मावशींनी खणातून मोजपट्टी काढली, मला खुंटीवरून उतरवलं आणि जमिनीवर सरळ पसरलं. खोली अपुरी पडली, तेव्हा मला दारातून बाहेर नेलं. वाकून, एकेक मीटर पुढे सरकत त्यांनी मोजलं. वीसला मी संपलो. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा वीस.

"मावशी, वहीत तुमचीच सही आहे," साहेब हळूच म्हणाले. "ठीक म्हणून. तुम्ही स्वतःच गोत्यात याल. विचार करा."

"विचार त्या दिवशी करायला हवा होता," मावशी म्हणाल्या. "चहा गरम लागला तेव्हा."

साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं.

त्यांनी वही उघडली आणि आपल्या 'ठीक'च्या खाली लिहिलं : "चूक. दोर सात मीटर कमी होता. मी बोटं फिरवली, मोजलं नाही." मग मास्तरला बोलावलं. त्यानं उभ्यानं वाचलं. बराच वेळ पट्टीवरच्या सत्तावीसवर अंगठा घासत राहिला, जणू तो आकडा पुसून निघेल. "निळ्याचं तर काहीच बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "उगाच कापला मी. जोडी दिसावी म्हणून." आणि त्यानं त्या ओळीखाली स्वतःची चूक लिहून सही केली.

साहेबांना तो कागद बदलावा लागला. चौकशीवाले नारिंगीला पोत्यात घालून घेऊन गेले. तो परत आला नाही. आमची जोडी अशी सुटली.

सात महिन्यांनी रंगारी आला. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला बायको. तीन पायऱ्या चढायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तो पूर्वी एक खिडकी रंगवून टाकायचा.

"बसा भाऊ," मावशींनी खुर्ची ओढली.

"बसूनच असतो हो आता. रंग कालवतो, दुसरे चढतात." तो हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. "तो निळा आहे का अजून?"

मावशींनी मला त्याच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल. त्यानं माझं टोक शोधलं. अंगठ्यानं चाचपलं. आणि गाठ मारायला घेतली. एक पीळ, दुसरा, तिसरा, मग दोन्ही हातांनी आवळली. मुठीएवढी झाली. बायको म्हणाली, "आता कशाला? त्याच्यावरून कोण उतरणार आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण राहू दे."

ती गाठ अजून आहे. मावशींनी माझ्या पट्टीवरचे सत्तावीस पुसले नाहीत. त्याखाली वीस लिहिलं. नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी त्या सगळ्यांच्या हातात मला देतात आणि मोजायला लावतात. मास्तर अजून शाळेत आहे, पण गच्चीवर जात नाही. नवे दोर वरून सोडले की तो खाली उभा असतो, दोन्ही टोकं मुठीत घेऊन. कधी कधी नंतरही ती सोडायला विसरतो.

मित्रांनो, तुम्ही कदाचित कधीच दोरावरून उतरणार नाही. पण कुणीतरी उतरत असेल, आणि तुम्ही खाली असाल. आम्हा दोरांना बोलता येत नाही. म्हणून आमचं टोक हातात घ्या, गाठ बघा, पायाखालची जमीन बघा, आणि मगच ओरडा, "टेकला!" टेकला नसेल तर गप्प राहा. वर कुणीतरी पाऊल रोखून तुमच्या आवाजाची वाट बघत असतं.