लॉनला लागलेला रोग

पोटच्या पोराने आईला दारात अडवून "आधी चपलेचा तळ दाखव" म्हणावं, ह्यापुढे बोलायचं काय राहिलं? इस्त्रीमावशींनी तीस वर्षं लोकांचे कपडे कडक करून ज्याला शिकवलं, विमा कंपनीत साहेब होताना बघितलं, तो थोरला आता त्यांना सांगत होता, "आई, पुढून नको. मागच्या बोळातून येत जा. पुढे लॉन आहे."

मागचा बोळ म्हणजे कचऱ्याचे डबे, सांडपाण्याची नळी आणि पायाखाली शेवाळ. घर आपलं आणि शिरायचं मात्र चोरासारखं. कोपऱ्यावरचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना इस्त्रीमावशीच म्हणायची, आणि त्यांच्या तोंडाला टरकून असायची. घरात तेवढी एका गवताची सत्ता चालू झाली होती.

ते लॉन आलं टेम्पोतून, चटयांसारखं गुंडाळून. अंगणातली टणक, सपाट जमीन उकरली, कपडे वाळत घालायचे खांब उपटले आणि त्या चटया अंथरल्या. तेव्हापासून गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी. गवताला खत. रविवारी गवताचे केस कापायचे, कापलेले भरून फेकून द्यायचे, आणि सोमवारपासून ते वाढावेत म्हणून पुन्हा पाणी. विमा कंपनीचे साहेब स्टुलावर बसून छोट्या कात्रीने कडा सरळ करायचे. मावशींनीही जन्मभर एकच काम पुन्हा पुन्हा केलं होतं. पण निदान ते कपडे कुणी अंगात तरी घालत होतं.

"ह्यावर बसायचं नाही, वाळत घालायचं नाही, गुरं तर आपल्याकडे नाहीत. मग ह्याचं करायचं काय?" त्यांनी एकदा सरळ विचारलं.

"बघायचं, आई. डोळ्यांना गार वाटतं."

"कुणाच्या डोळ्यांना? तू दिवसभर ऑफिसात, सूनबाई शाळेत. खिडकीत मी असते. मला विचारलंस?"

"समोरच्यांकडे बघ ना कसं आहे. नुसता गालिचा."

"समोरच्यांनी टक्कल केलं तर उद्या तू पण न्हाव्याकडे जाशील."

सूनबाई ओट्याकडे तोंड करून हसली. थोरल्याने पाइप उचलला आणि गेला गवत पाजायला.

एवढ्यावर भागलं असतं तर मावशींनी नाकं मुरडत दिवस काढले असते. पण त्या अंगणात एका माणसाचा पाय अडकला होता. मावशींचे यजमान विजेचे मीटर वाचायचे. चौतीस वर्षं दारोदार चालले. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा पाय लाकडासारखा झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईने बजावलं होतं, "आजोबा, रोज पन्नास फेऱ्या, सपाट मोकळ्या जागेवर. हा पाय थांबला तर पुन्हा उठवणं कठीण आहे." रस्त्यावर गाड्या अंगावर येतात, बोळात शेवाळ. सपाट मोकळी जागा एकच होती, आणि तिच्यावर आता गवत झोपलं होतं.

"बाबा, तुम्ही आतल्या आत चाला ना," थोरला म्हणाला होता. "स्वयंपाकघर ते बाथरूम. तेवढंच अंतर आहे."

तेवढंच नव्हतं. अकरा पावलं होती, मध्ये शिलाई मशीन आणि वळताना कपाट. दुसऱ्या दिवशी गुडघा फुटला. पण म्हाताऱ्याने जन्मात कधी कुणाशी वाद घातला नव्हता. "बरं," म्हणाला. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, 'बरं' काय? तोंडात जीभ आहे का नाही?" तर म्हणाला, "अगं, त्याची हौस आहे. असू दे."

महिन्याभराने लॉनला रोग लागला.

भिंतीच्या कडेने, फाटकापासून चिंचोळा टकला पट्टा पडला. रुंदी दीड वीत, अगदी सरळ. थोरल्याची झोप उडाली. माळ्याला बोलावलं. माळी उकिडवा बसला, मातीचा वास घेतला, मान हलवली. "बुरशी आहे, साहेब."

बुरशीचं औषध मारलं. पट्टा तसाच. मग म्हणे किडे. किड्यांचं औषध मारलं. मग भिंतीच्या सावलीचा दोष. शेवटी तिथे गवताचे नवे तुकडे लावले. आठवड्यात तेही झिजले, म्हणून शेजारी आणखी नवे लावले. थोरला फोनमध्ये गवताच्या रोगांचे फोटो बघत जेवायचा.

मावशींना उलगडा झाला तो चादर धुताना. यजमानांच्या पायथ्याशी चादरीला हिरवे डाग, आणि घडीत गवताची पाती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारा अनवाणी, एक हात भिंतीला लावून, ओठांत आकडे मोजत चालला होता. फाटकापर्यंत जायचा, वळायचा, परत. थोरल्याचं गवत कमीत कमी मोडावं म्हणून बिचारा त्याच एका रेषेत पाय टाकत होता.

मावशी उजाडल्यावर पट्ट्याशी वाकल्या. कापडावरची सुरकुती वाचणारे डोळे ते. आधी लावलेल्या तुकड्यावर पाय घासटल्याचा वीतभर लांब ओरखडा होता. परवा लावलेल्या तुकड्यावर फक्त अंगठ्याची खूण. पाय उचलायला लागला होता.

त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्यालासुद्धा काही बोलल्या नाहीत, फक्त रात्री त्याच्या तळपायांना तेल चोळायला लागल्या. आणि साहेब नि माळी बुरशीवरून भांडायला लागले की खिडकीत बसून मजा बघायच्या. इतकं शिकलेलं पोर, पण बापाचं पाऊल ओळखता येईना!

मग एका संध्याकाळी माळी लाल चिठ्ठीची बाटली घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले. "मावशी, दोन दिवस इकडे फिरकू नका. जहाल आहे. कातडी सोलून निघते."

मावशी ताडकन उठल्या. पुढच्या दाराने, चपलेसकट, लॉनवरून तरातरा गेल्या आणि माळ्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

"आई! पाय!" थोरला ओरडला.

"रोग नाही तो, मेल्या. तुझा बाप आहे."

माळ्याने फडकं खाली घेतलं आणि आधी हसू दाबलं, मग सामान आवरलं. थोरला मात्र हसला नाही. आत जाऊन बापासमोर उभा राहिला. "बाबा, महिनाभर मला वेड्यात काढलंत? मी औषधं मारत बसलोय आणि तुम्ही..."

"कडेकडेने चालत होतो रे," म्हातारा म्हणाला. "चुकलंच."

"तीन आठवडे फक्त. आज नवे तुकडे लावतो, त्यांना मुळं धरू द्या. मग बघू काहीतरी. एवढं तरी कराल ना माझ्यासाठी?"

"बरं," म्हातारा म्हणाला.

मावशी भांडल्या, भांडी आपटली, मुलाशी बोलणं टाकलं. पण शब्द दिलेला माणूस हलेना. पहाटे उठायचा आणि खुर्चीत बसून खिडकीतून गवताकडे बघायचा. "अहो चला, मी आहे ना," म्हटलं तर मान हलवायचा. पाचव्या दिवशी त्याला खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं. आठव्या दिवशी मावशींना हाक मारावी लागली. त्यांनी काखेत हात घालून उठवलं तेव्हा उजवा पाय मागेच राहिला, आणि फरशीवर फर्रकन घासटत आला. तो आवाज त्यांनी वर्षापूर्वी ऐकला होता.

तेवढ्यात थोरला अंगणातून धावत आत आला, गुडघ्यांना माती, तोंडावर आनंद. "आई, बाबा, बघायला चला! धरली! ओढलं तरी सुटत नाही, इतकी घट्ट मुळं धरली!"

मावशींनी नवऱ्याचा हात खांद्यावर घेतला. दाराकडे निघाल्या. वाटेत थोरला होता. तो बाजूला झाला, कारण बापाच्या पायाचा आवाज आता त्यालाही ऐकू आला होता. उंबऱ्यावर म्हातारा थबकला आणि मुलाकडे बघायला लागला, परवानगी मागितल्यासारखा.

"त्याच्याकडे काय बघता? खाली बघून चाला," मावशी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला कडेने नेलं नाही, बरोबर मधून नेलं, त्या लाडावलेल्या गवताच्या छातीवरून.

"बाबा, पण... आई, निदान..." थोरला मागून म्हणाला.

मावशी वळल्या. आवाज चढवला नाही, पण समोरच्यांच्या फाटकापर्यंत ऐकू गेला.

"तुझं गवत आठ दिवसांत उभं राहिलं आणि तुझा बाप आठ दिवसांत बसला. त्याला 'थांबा' म्हणालास, तेव्हा त्याच्या पायाकडे एकदा तरी बघितलंस का? आता ऐक. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तू ह्यांचा हात धरून इथे पन्नास फेऱ्या मारायच्या, बुटांसकट. त्यातून जेवढं गवत जगेल तेवढं जगू दे. नुसतं बघायलाच हिरवं पाहिजे असेल, तर भिंतीला रंग मार. चल, ये इकडे. ही पहिली फेरी आहे, मोज."