सिमाक दिसेपर्यंत

पूर्वेच्या कड्यावर सिमाक, म्हणजे आपला चित्रा तारा, दिसला की खल्फान हाक द्यायचा आणि पाटाचं पाणी एका खजूरबागेतून दुसरीत वळायचं. ओमानच्या त्या डोंगराळ गावात एकतीस वर्षं हे काम त्याच्याकडे होतं. यंदाच्या वसंतात मात्र पाणी उशिरा वळतं अशी कुरबुर सुरू झाली. मशिदीबाहेर बागवाला हुमैद सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, हल्ली तुमचा तारा माझ्याच पाळीला का झोपतो?"

माणसं हसली. खल्फान मान खाली घालून घरी आला.

त्याची मुलगी झुवेना मस्कतला शिक्षिका होती, सुट्टीला आली होती. अंधार पडल्यावर ती दुर्बीण घेऊन बापाशेजारी बांधावर बसली. कड्यापाशी धूळ दाटली होती.

"बाबा, दिसला!"

"नुसत्या डोळ्यांनी?"

"नाही, दुर्बिणीतून."

"मग थांब. पाणी सगळ्यांचं, तारा सगळ्यांना दिसायला हवा."

तिनं दुर्बीण खाली ठेवली. थोड्या वेळानं तारा धुळीच्या वर आला, चांगला स्वच्छ. ती बापाच्या हाकेची वाट पाहत राहिली. तारा आणखी चढला. बाप कड्याकडेच बघत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाहीये ना?"

"दोन महिने झाले. श्वास मोजतो आणि अंदाजानं ओरडतो."

झुवेनानंच हाक दिली.

शुक्रवारी नमाजानंतर खल्फान उभा राहिला. "हुमैदचं खरं आहे. माझे डोळे गेलेत आणि मी ते लपवलं. ज्याचं पाणी बुडालं, त्यानं माझ्या पाळीतून घ्यावं."

हुमैद कावराबावरा झाला. "काका, मी आपलं चेष्टेत बोललो हो."

"बोललास ते बरं केलंस. आता आजपासून माझ्याजवळ येऊन बस. हे काम तुला शिकवतो."

हुमैद रोज येऊ लागला. पहिल्याच रात्री त्यानं घाईनं भलत्याच ताऱ्याला हाक दिली आणि म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, पाणी वळल्यावर, खल्फाननं दुर्बीण मागितली. "डोक्यावर नथ्रा असेल बघ. आम्हाला तो धुरकट ठिपकाच दिसायचा."

ते पुष्य नक्षत्र. त्यानं पुष्कळ वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून धरली, मग परत दिली.

"तूच सांग."

"ठिपका नाही, बाबा. तारे आहेत. सोळा... अठरा... बावीस, अजून आहेत."

"इतके?" खल्फान म्हणाला. "सावकाश मोज, पोरी."