पोळ्याची सुट्टी

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हा नियम तिगावात कोणी भिंतीवर चिकटवलेला नाही, तरी तो मोडायची कोणाची छाती होत नाही. दिपालीच्या नागपूरच्या इस्पितळात मात्र नियम चिकटवलेला होता. निवासी डॉक्टरला आठवड्याला एक सुट्टी, रात्रपाळीनंतर विश्रांती. कागद नवा कोरा होता आणि त्याच्याच खाली बाकावर डॉक्टर बसल्याबसल्या घोरत होते. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दिपालीला ती सुट्टी आज पहिल्यांदा मिळाली, तीही बरोबरच्या गौतमने तिची पाळी अंगावर घेतली म्हणून.

सकाळच्या गाडीने ती तिगावला घरी आली. झोपायचं, एवढाच बेत. पण झोपू देईल ते घर कसलं? वडलांना, यशवंतरावांना, लेकीचा भारी अभिमान, आणि त्यांचा अभिमान म्हणजे भोंगाच. "दोन-दोन रात्री डोळ्याले डोळा लावत नाही माही पोरगी," असं ते बैलांवर झूल चढवता चढवता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आणि ऐकणारा आपला गुडघा घेऊन आत येत होता. दिपालीने गुडघे पाहिले, खोकले ऐकले. नाही म्हणायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी कुलदीप सरांचा, तिच्या सीनियरचा, फोन आला. उद्या पांढुर्ण्याची गोटमार, दगडफेकीची जत्रा. डोकी फुटलेली माणसं नागपूरपर्यंत येणार, हात कमी आहेत, आज रात्रीच परत ये. सुट्टी? ती भिंतीवर राहू दे. काम पडलं तर गेलंच पाहिजे, असं यशवंतरावांनी वर सांगितलं, आणि आई, मंगलाबाई, डब्याच्या तयारीला लागली. दिपालीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही अंगात जीव लागतो.

मंगलाबाईला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन. लेक घरी असली की सुई तिनेच टोचायची, हा मायलेकींचा लाड. बैल वेशीवरच्या तोरणाकडे निघाले तशी दिपालीने आईला सुई दिली आणि खुर्चीत टेकली. टेकली ती झोपलीच. दचकून उठली तर समोर इन्सुलिनची बाटली. आईची सुई राहिली की काय, या धास्तीने तिने पुन्हा भरली, पुन्हा टोचली. मंगलाबाईने हूं की चूं केलं नाही. आज पुरणपोळी आहे म्हणून लेकीने जास्तीची दिली असेल, अशी तिने आपली समजूत घातली.

आणि जेवायचं तर बैलांची पूजा होऊन त्यांनी घास घेतल्याशिवाय नाही. त्यात तोरण तुटायलाच उशीर झाला, आणि ते तुटल्याशिवाय बैल घरी परतत नाहीत.

बैल दारात आले तेव्हा मंगलाबाईच्या हातातलं ताट थरथरत होतं, पोलकं घामाने भिजलं होतं. काहीतरी असंबद्ध बोलत ती उंबऱ्यातच खाली बसली. दिपालीची झोप खाडकन उतरली. तिने आईचं बोट टोचून साखर पाहिली आणि पार खाली गेलेला आकडा दिसताच तिला दोन्ही सुया आठवल्या. ताटातली पोळी कुस्करून तिने आईच्या ओठांशी नेली. मंगलाबाईने दात आवळले. अर्धवट शुद्धीतही तिला एवढं कळत होतं की बैल उपाशी आहेत.

"बाबा, बैलायनं खाल्लं म्हणून सांगा तिले," दिपाली म्हणाली. "खोटं बोला."

यशवंतराव बैलांच्या बाबतीत जन्मात खोटं बोलले नव्हते. ते बायकोजवळ बसले.

"खाल्लं वं मंगला. दोघायनंही खाल्लं. आता तू खाय."

तिने तोंड उघडलं. पोळी, साखरेचं पाणी, मग भात. हळूहळू तिच्या डोळ्यांत ओळख आली. दिपाली तिथेच भिंतीला टेकून आवाज न करता रडली. माझ्या हातून दोनदा टोचली गेली, असं तिने सांगून टाकलं. आईने तिचं डोकं थोपटलं.

"होते वं पोरी. तिथं दवाखान्यात झालं का असं कधी?"

"माहीत नाही, आई."

यशवंतराव उठून बैलांकडे गेले. त्यांना गोठ्यात बांधून घास भरवला. परत आले ते एवढंच म्हणाले, की आज जाऊ नको.

दिपालीने कुलदीप सरांना फोन लावला. आई आजारी आहे एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने घडलं ते सगळं सांगितलं, आणि आज माझ्या हातात सुई देऊ नका म्हणाली. सर रागावले नाहीत. रागवायला त्यांच्यातही जीव उरला नव्हता.

"बरं. झोप तू," ते म्हणाले. "गौतम आत्ताच आडवा झाला. त्याले उठवतो."

सर काय म्हणाले ते तिने वडलांना सांगितलं.

"झोपला हाय तं झोपू द्या म्हणा ना त्याले."

"मंग पेशंट कोण पाहीन, बाबा?"

आईचं बोट टोचून साखर कशी पाहायची ते तिने वडलांना शिकवलं, जरा कमी दिसली की मला हलवून उठवा म्हणून बजावलं, आणि आईच्या खाटेशेजारी सतरंजी टाकली. इकडे ती अंग टाकत होती तेव्हाच तिकडे गौतमला कोणीतरी खांद्याला धरून उठवत असणार. तिला फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, डोकं टेकताच तिला झोप लागली.